आधी लॉग, मग रिमॅप!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी मित्र गाडी ‘रिमॅप’ करायच्या गप्पा मारत असतो. लॅपटॉप जोडला, फाइल टाकली, पॉवर वाढली! इतकं सोपं असतं होय? टर्बो पेट्रोल इंजिनात ट्यूनर बूस्ट वाढवतो, इग्निशन टायमिंग पुढे घेतो. त्याने सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला, की नॉकिंग सुरू. नॉक सेन्सर ते ओळखतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो. पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली, की पिस्टनच जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लॉग न दाखवणाऱ्या ट्यूनरला गाडी देऊच नका. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या ओबीडी पोर्टला साधा डोंगल लावला, तरी टायमिंग आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा लॉग शेजारी ठेवून बघा. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून पॉवर वाढवणार असाल, तर तुमच्या हौसेचा धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जातो, हेही लक्षात ठेवा.

आकडे न वाचता केलेलं ट्यूनिंग म्हणजे जुगार. तोही बहुतेक वेळा बाबांच्या ईएमआयवर!