तुमचा हिशेब आधी किनाऱ्यावर मांडा

न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, अणुऊर्जा नियामक मंडळ आणि राज्य सरकार यांना धामापूरहून जाहीर इशारा.

माडबनच्या सड्यावर प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या उभारायचा तुमचा बेत आहे. फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने 2021 मध्ये त्यासाठी प्रस्ताव दिला. विजेच्या दराची घासाघीस जुनीच आहे. दर उतरवताना सुरक्षेतलं काय कापणार, ते आधी सांगा.

किरणोत्सर्ग वाजवी मर्यादेत शक्य तितका कमी ठेवा, असं तुमचं तत्त्व सांगतं. वाजवी काय, हे ठरवताना खर्चही मोजला जातो. तो कोण मोजतो आणि कोणासाठी?

जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पात तो चालवणाऱ्या टेपको कंपनीच्याच आकडेमोडीत 2008 साली 15.7 मीटरची लाट दिसली होती. बंदोबस्त पुढे ढकलला गेला. 11 मार्च 2011 ला समुद्र आत आला आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला. सुमारे 40 किलोमीटरवरचं इताते गाव रिकामं करावं लागलं. दोन वर्षांनी दक्षिण कोरियाने फुकुशिमासह आठ प्रांतांच्या मासळीची आयात बंद केली. 2016 मध्ये जपान सरकारने या दुर्घटनेचा खर्च 21.5 लाख कोटी येन धरला. आपल्या 2010 च्या कायद्याने मात्र चालकाची जबाबदारी 1500 कोटी रुपयांवर थांबवली होती.

माडबन धामापूरहून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. प्रकल्पाभोवतीचं आपत्कालीन नियोजनाचं वर्तुळ मात्र 16 किलोमीटरचं. उद्या मालवणच्या बांगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तर तो तोटा कुठल्या रकान्यात लिहिणार? भविष्यातलं नुकसान वर्षाला सात टक्के दराने घटवून मोजलं, तर शंभर वर्षांनंतरचं एक कोटीचं नुकसान आज जेमतेम साडेअकरा हजारांचं दिसतं. आमचा धामापूरचा तलाव 1530 सालचा आहे. त्याच्या पाण्यावर पिढ्या जगल्या. पुढच्या पिढ्यांना असा दर लावायला आमची संमती नाही.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी संपूर्ण लाभ-खर्च हिशेब मराठीत जाहीर करा. माणसाच्या जिवाची धरलेली किंमत, भविष्यातल्या नुकसानीला लावलेला दर आणि महाग म्हणून नाकारलेली प्रत्येक सुरक्षायंत्रणा त्यात दिसली पाहिजे. मासेमारीचा तोटा वेंगुर्ल्यापर्यंत मोजा.

हिशेब आला नाही, तर त्याच ग्रामसभेत विरोधाचा ठराव मांडू, किनाऱ्यावरच्या गावागावांत तो नेऊ आणि कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे याचिका दाखल करू. याच प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात 18 एप्रिल 2011 ला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. आम्ही शांततेनेच येऊ, पण हिशेब हाती पडेपर्यंत माडबनात काँक्रीटचं एक घमेलंही ओतू देणार नाही.