मागचं दिसतंय ना?

"आई-बाबा, या वेळी तुम्ही आलात की आपण कॅराव्हॅन घेऊन कॉर्नवॉलला जायचं." इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलाचा किंवा लेकीचा असा फोन आला की आपल्या घरात चर्चा सुरू होते ती सामानाची. कुकर न्यायचा का, त्या छोट्या शेगडीवर पोळ्या होतील का, पाऊस लागला तर मुलांना आत कसं रमवायचं. हे सगळं ठीकच आहे. पण या खेपेला मला तुमच्याशी बोलायचंय ते एका अशा वस्तूबद्दल, जी यादीत सगळ्यात शेवटी येते किंवा येतच नाही. गाडीला लावायचे जादा आरसे. तिकडे त्यांना टोइंग मिरर म्हणतात.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी, आत पलंग आणि ओटा असलेली व्हॅन. महाराष्ट्र आणि केरळ सरकारांनी 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, तेव्हा बातम्यांत दिसल्या त्याही बहुतेक अशाच गाड्या. ब्रिटनमधली कॅराव्हॅन वेगळी. ती म्हणजे चाकांवरची एक खोली. तिला इंजिन नाही, ड्रायव्हरची जागा नाही. घरच्या रोजच्या गाडीच्या मागे ती जोडायची आणि ओढत न्यायची.

आता गंमत अशी की ही खोली तिला ओढणाऱ्या गाडीपेक्षा रुंद असते. मध्यम आकाराची गाडी साधारण 1.8 मीटर रुंद, आणि कॅराव्हॅन 2.2 ते 2.3 मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस सेंटिमीटर, जवळजवळ एक वीत, कॅराव्हॅन बाहेर आलेली. गाडीचा स्वतःचा आरसा बाहेर येतो तो त्याच्या अर्ध्याएवढा. मग ड्रायव्हरला त्यात काय दिसणार? कॅराव्हॅनची पुढची भिंत. आतल्या, मधल्या आरशातही तीच भिंत. मागे रस्ता आहे, त्यावर माणसं आहेत, पण दिसत काहीच नाही.

हौसेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती 'वाँडरर'. 1885 मध्ये डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश लेखकाने ती ब्रिस्टॉलमध्ये बांधून घेतली. ओढायला घोडे होते, आणि समोरून येणाऱ्यांना इशारा द्यायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. पुढची सोय अशी झकास झाली. मागून त्या काळी काय येणार होतं, दुसरी घोडागाडी. आज मोटरवेवर मागून येतं ते ताशी 70 मैलांनी.

दंडापेक्षा मोठी गोष्ट

ब्रिटनचा कायदा या बाबतीत सरळ आहे. कॅराव्हॅन तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूपेक्षा रुंद असेल तर योग्य टोइंग मिरर लावलेच पाहिजेत. नसतील तर 1000 पाउंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 पेनल्टी पॉइंट. आपल्या मुलांच्या दृष्टीने यात एक मेख आहे. भारतातलं लायसन्स तिथे राहायला गेलेल्यांना फक्त पहिले 12 महिने चालतं, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. आणि तिथली पहिली परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत 6 पॉइंट जमा झाले तर लायसन्स रद्द होतं. म्हणजे नुकत्याच लायसन्स मिळालेल्या सुनेने आरशांशिवाय कॅराव्हॅन ओढली, तर एका फटक्यात निम्मी शिल्लक संपली.

पण दंड सोडा. मला खरी काळजी वाटते ती सायकलवाल्याची. डेव्हन, कॉर्नवॉलकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणासारखी झुडपं. पुढे सायकलवर कुणी चाललंय. तुम्ही जागा मिळाल्यावर त्याला दीड मीटर अंतर ठेवून ओलांडता, गाडी पुढे जाते. आणि आता डावीकडे परत यायचंय. गाडी त्याच्या पुढे गेली आहे, पण तुमच्या मागची सहा-सात मीटरची खोली अजून त्याच्या बाजूलाच आहे. डावा आरसा त्या खोलीच्या कडेपलीकडचं दाखवत नसेल, तर तुम्ही आंधळेपणाने डावीकडे वळता. कॅराव्हॅनच्या पांढऱ्या भिंतीशेजारी सापडलेल्या त्या माणसाला पळायला जागा नसते. एका बाजूला झुडपं, दुसऱ्या बाजूला तुमची सुट्टी.

आपल्याकडे गाडी चालवण्याची सवय लागलेल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. गर्दीत घासतील म्हणून साइड मिरर दुमडून ठेवणारे आपण. मागचा हॉर्न वाजवेल, मागचा बघून घेईल, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. तिथे मागचा हॉर्न वाजवत नाही. तो तिथे आहे हे तुम्हालाच दिसलं पाहिजे.

काच सपाट की फुगीर?

दुकानात पहिला प्रश्न हाच येतो. सपाट काच घरातल्या आरशासारखी. मागची गाडी जितक्या अंतरावर आहे तितकीच वाटते, पण दिसणारा पट्टा अरुंद. फुगीर काच, शाळेत आपण जिला बहिर्वक्र म्हणायचो, ती बरंच रुंद दाखवते. मात्र सगळं लहान करून दाखवते, त्यामुळे मागची बस आहे त्यापेक्षा लांब वाटते. मोटरवेवर लेन बदलताना हा फरक भारी पडू शकतो.

काही लोक दोन्हीकडे एकच प्रकार घेतात, काही एकेक. माझं मत विचाराल तर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, सपाट आणि डावीकडे फुगीर. उजवा आरसा डोळ्यांपासून जवळ असतो आणि ओव्हरटेक करताना वेगाचा, अंतराचा अंदाज त्याच्यातूनच घ्यायचा असतो. डावीकडे अंतरापेक्षा 'कुणी आहे की नाही' हे महत्त्वाचं, तिथे रुंद दिसलेलं बरं. पण ज्याला गाडीच्या फुगीर आरशांची वर्षानुवर्षं सवय आहे, त्याने दोन्ही फुगीर घेतले तर मी वाद घालणार नाही. सवयीचा आरसा नजरेला कमी थकवतो.

विकत घेताना एक खूण जरूर शोधा. काचेवर किंवा कव्हरवर वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर आणि शेजारी एक आकडा कोरलेला असतो. ही मान्यतेची खूण. ती नसेल तर आरसा कितीही स्वस्त असो, ठेवून द्या.

पकड बघा, रंगरूप नंतर

खरा पैसा इथे वसूल होतो किंवा वाया जातो. बहुतेक टोइंग मिरर गाडीच्या आरशाच्या प्लास्टिक कव्हरवर बसतात. काहींना रबरी पॅड लावलेले स्क्रूचे क्लॅम्प असतात, काही पट्ट्यांनी आवळायचे. ब्रिटनमध्ये मिलेन्कोचे क्लॅम्पवाले आरसे अनेक कॅराव्हॅनवर दिसतील. पट्ट्याचे आरसे हलके आणि स्वस्त, पण पट्टा सैल पडत जातो. क्लॅम्पची पकड चांगली, मात्र तुमच्या गाडीचं कव्हर कसं आहे त्यावर सगळं अवलंबून. हल्लीच्या गाड्यांची कव्हरं गोलसर, गुळगुळीत, खालून निमुळती. शेजाऱ्याच्या जुन्या गाडीवर खिळ्यासारखा बसलेला आरसा तुमच्या नव्या गाडीवरून अर्ध्या तासात घसरू शकतो. म्हणून गाडी दुकानात घेऊन जा, आरसा लावून बघा, टोक धरून हलवा. संपूर्ण कव्हर हललं तर ठीक, आरसा वेगळा हलला तर नको. ऑनलाइन घेणार असाल तर तुमच्याच मॉडेलला बसतो का आणि परत घेतात का, दोन्ही आधी वाचा.

थरथर ही दुसरी गोष्ट. आरशाचा दांडा जितका लांब तितका तो वाऱ्यात जास्त कापतो. ताशी 60 मैल ही मोटरवेवर कॅराव्हॅन ओढणाऱ्यांची कमाल मर्यादा. त्या वेगाला समोरच्या वाऱ्याने काच थरथरली की मागच्या गाड्या नुसते रंगाचे ठिपके होतात. म्हणून गरजेपेक्षा लांब दांडा घेऊ नका. किती लांब हवा ते टेपने मोजता येतं. कॅराव्हॅनच्या रुंदीतून गाडीची रुंदी वजा करा, निम्मे करा. एका बाजूला कॅराव्हॅन तेवढी बाहेर आहे. आरशाची काच तिच्या कडेच्या थोडी पलीकडे पोहोचली पाहिजे. मात्र कॅराव्हॅनच्या कडेपासून 250 मिलिमीटरपेक्षा बाहेर जाता कामा नये, हीसुद्धा नियमाचीच मर्यादा.

लावण्याआधी गाडीचं कव्हर ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर रबराखाली अडकलेली धूळ रंगावर ओरखडे काढते. साइड इंडिकेटरचा दिवा क्लॅम्पखाली झाकला जात नाही ना, तेही बघा. आणि जावयाला आठवणीने सांगा, की गाडी लॉक केल्यावर आरसे आपोआप मिटत असतील तर ती सोय आधी बंद कर. नाहीतर सर्व्हिस स्टेशनवर चहाला उतरताना बटण दाबलं जाईल, आणि गाडीचा आरसा जादा आरशाला घेऊन खिडकीच्या काचेवर आदळेल.

तुमचं काम काय?

हे आजी-आजोबांसाठी. आरसे नीट लावणं एकट्याचं काम नाही, आणि तिथे तुमचा खरा उपयोग आहे. सपाट जागेवर गाडी आणि कॅराव्हॅन एका सरळ रेषेत जोडलेली असावी. जो चालवणार आहे त्याने नेहमीसारखं सीटवर बसायचं, बेल्ट लावून. पुढे वाकून किंवा मान ताणून नाही. तुम्ही बाहेर उभं राहून तो सांगेल तसा आरसा फिरवायचा. आरशाच्या आतल्या कडेला कॅराव्हॅनच्या भिंतीची बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता. वर-खाली इतकंच की रस्ता जिथे आकाशाला टेकतो ती रेघ साधारण मध्यावर यावी.

मग खात्री करायची. ड्रायव्हरच्या सीटपासून मागे 20 मीटर मोजा, मोठी पावलं टाकलीत तर पंचवीसेक. तिथे कॅराव्हॅनच्या कडेच्या रेषेत उभं राहा आणि बाजूला 4 मीटरपर्यंत चालत जा. या पूर्ण चालण्यात ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसत राहिला पाहिजे. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनवाल्यांना हेच माप सांगितलं जातं. दोन्ही बाजूंना करा. मात्र हे रस्त्यावर नको, मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगमध्येच.

मुलगा आणि सून दोघंही आळीपाळीने चालवणार असतील तर हा सोपस्कार दोनदा. सहा फुटी माणसाने लावलेला आरसा पाच फुटी बाईला आकाश दाखवतो. सीट बदलताना "चल, राहू दे, दिसतंय थोडंफार" असं म्हणायचा मोह होतो, आणि तो बहुतेक वेळा बायकोच्याच वाट्याला येतो, कारण तिची पाळी दुसरी असते. त्या वेळी गाडीतून उतरून मदत करायला तुम्ही आहात. आणखी एक, डाव्या सीटवर बसून "ये, ये, मोकळं आहे" असं सांगू नका. तो आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी वळवलेला आहे, तुमच्या जागेवरून त्यात दिसतं ते वेगळंच.

नीट लावलेले आरसे आणखी एक काम करतात. मोटरवेवर मोठी बस बाजूने पुढे जाते तेव्हा हवेचा धक्का बसतो आणि कॅराव्हॅन डुलू लागते. बस आधीच आरशात दिसली असेल तर ड्रायव्हर तयार असतो. आणि दोन्ही आरशांतल्या भिंतीच्या पट्ट्या आलटूनपालटून जाड-बारीक होऊ लागल्या, तर डुलणं सुरू झालंय हे अंगाला जाणवण्याआधी नजरेला कळतं. अशा वेळी स्टिअरिंगशी झटापट न करता अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा. कॅराव्हॅनच्या मागे लावलेला कॅमेरा रिव्हर्स घेताना उपयोगी, पण त्याच्या भरवशावर हे आरसे टाळता येत नाहीत.

मुलं ऑस्ट्रेलियात असतील तर तत्त्व हेच, आकडे वेगळे. तिथल्या कॅराव्हॅन 2.5 मीटरपर्यंत रुंद असतात, आणि आरसा कडेपासून 150 मिलिमीटर बाहेर चालतो. धक्का लागल्यावर तेवढ्यात मिटणारा असेल तर 230. अंतरं प्रचंड, रस्ते खडबडीत, त्यामुळे मोठ्या फोर-व्हीलरवाले बरेचजण जादा आरशाच्या भानगडीत न पडता गाडीचे मूळ आरसेच बदलून बाहेर ओढता येणारे बसवून घेतात. खर्च जास्त, पण वर्षातून चार-पाच सहली होत असतील तर मला तो पटतो. ब्रिटनमध्ये वर्षाला एक-दोन सुट्ट्यांसाठी काढता-घालता येणारे पुरेत.

आणि ते काढायचेच असतात. कॅम्पसाइटवर कॅराव्हॅन सोडली आणि दूध-ब्रेड आणायला नुसती गाडी घेऊन निघालात, की आरसे आधी उतरवा. नुसत्या गाडीच्या दोन्ही बाजूंना ते पंखांसारखे बाहेर राहतात आणि गावातल्या अरुंद गल्लीत चालणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर येतात. काढले की जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीतच ठेवा. कॅराव्हॅनच्या कपाटात राहिले तर परतीच्या दिवशी सगळं आवरून, कुलूप लावून झाल्यावरच त्यांची आठवण येते.