चोपड्या वेगळ्या, पाऊस एकच

विजयदुर्गावर गेलेल्या पर्यटकाला ‘साहेबाचे ओटे’ हमखास दाखवले जातात. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियमचा शोध लावला, असेही सांगितले जाते. सांगणाऱ्याचा अभिमान पाहून हरकत घ्यायला जीभ धजत नाही; पण त्या साली लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. तो विजयदुर्गला आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, आणि ‘मेलपोमिनी’ या आरमारी जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून त्याने आपली यंत्रे मांडली.

मला या हकिगतीत हेलियमपेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गाहून आत शिरली, तेव्हा तिच्या वाटेवर ठिकठिकाणी तळ पडलेले होते. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला होते, तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. पुढे पुलगावला आणखी इंग्रज मंडळी. एका जागी ढग आले तर दुसरी जागा हाताशी असावी, हा साधा व्यवहार. सूर्याच्या वातावरणासाठी तेव्हा जे जमले, ते आपल्या डोक्यावरच्या वातावरणासाठी आज का पुरते जमू नये?

हा प्रश्न मला विज्ञानातून पडलेला नाही, कर्जाच्या फाइलीतून पडला. बँकेच्या एका शाखेत मी शेतीकर्जे पाहत असताना ऐन मोहोरात अवकाळी पाऊस झाला. एक आंबा बागायतदार कर्जाचे हप्ते पुढे ढकलून मागायला आले. कागदोपत्री त्यांच्या भागात नुकसान होण्याइतका पाऊसच नव्हता. ते शांतपणे म्हणाले, “सायबानू, पाऊस पडलो माझ्या कलमांर, आणि मोजूचा भांडा तालुक्याक!” मला हसू आले आणि लगेच लाजही वाटली.

आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आली आहेत आणि आंबा-काजूच्या फळपीक विम्याची भरपाई त्यांच्याच आकड्यांवर ठरते. भांडे जवळ आले, हे खरे. पण आपला जिल्हा असा, की आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि घाट उतरून वेंगुर्ल्याला यावे तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. एका मंडळात डोंगराची चढण आणि समुद्राची पुळण दोन्ही असतील, तर एक यंत्र काय काय सांगणार?

सांगणारे दुसरे नाहीत असेही नाही. वेंगुर्ल्याला कोकण कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. मोहोर, फळधारणा, कीड यांच्या नोंदी तिथल्या लोकांचे रोजचे काम. हवामान खात्याची किनाऱ्यावर वेधशाळा आहे. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य झाला. पाणी फार तापले की तिथले प्रवाळ पांढरे पडते, म्हणजे समुद्राचा तापमापकच तो. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि तिचा जन्मच मुळी अनेक देशांच्या जहाजांनी मिळून केलेल्या हिंदी महासागर मोहिमेतून झाला. वर महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांची प्रयोगशाळा २०१२पासून चालते. जो वारा मालवणच्या समुद्रावरून ओल उचलतो, तोच सह्याद्रीला धडकतो. नोंदी मात्र प्रत्येकाच्या आपापल्या चोपडीत.

कोणी कोणाशी बोलतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विजयदुर्गासमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळबेट आहे. (नावात बँक आहे म्हणून मला विशेष जिव्हाळा!) तिथे २०१९च्या डिसेंबरात समुद्रविज्ञान संस्था, वन खात्याची माणसे आणि वन्यजीव अभ्यासक एकाच जहाजातून गेले. पण मोहीम संपते, जहाज परतते. मला हवा आहे तो रोजचा ताळमेळ. बँकेत प्रत्येक शाखेची वही बिनचूक असूनही शाखाशाखांमधला हिशेब जुळेना, म्हणून आम्ही रात्री-रात्री बसलो आहोत. दोष कोणा एकाच्या वहीत नसायचा. एकाने मंगळवारी लिहिलेले दुसऱ्याने गुरुवारी लिहिलेले असायचे.

हवाई बेटावरच्या मौना लोआ केंद्रात हवेतला कार्बन डाय ऑक्साइड १९५८पासून मोजतात. २०२२च्या नोव्हेंबरात ज्वालामुखीच्या लाव्ह्याने केंद्राची वीज आणि रस्ता तोडला. तेव्हा शेजारच्या मौना केया डोंगरावर यंत्र लावून मोजणी तात्पुरती पुढे चालू झाली. शेजारी जागा होता, म्हणून ते जमले.

आपल्याकडे यासाठी नवी इमारत नको, उद्घाटनही नको. वेंगुर्ला, मालवण, आंबोली आणि गोवा इथल्या नोंदी एकाच वेळेला, एकाच मापाने व्हाव्यात, यंत्रे दरवर्षी एकमेकांशी पडताळावीत आणि आकडे बागायतदाराला व रापणकाराला मागता यावेत, एवढेच. खर्चाचा प्रश्न निघेल. त्याहून अवघड प्रश्न ‘आकडे कोणाचे’ हा निघेल. सरकारी पैशाने मोजलेला पाऊस खात्याच्या मालकीचा कसा होतो, हे मला नोकरीत कधी कळले नाही, निवृत्तीतही कळलेले नाही.

ते बागायतदार अलीकडे पुन्हा भेटले. त्यांनी स्वतःच एक पर्जन्यमापक आणून खळ्याच्या कडेला बसवला आहे. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात आणि जुन्या डायरीत लिहितात; शेजारी मोहोर कधी फुटला, धुके कधी पडले, तेही. नऊ वर्षांच्या डायऱ्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि विचारले, “ह्यो खंय देऊच्यो?” मला पत्ता सांगता आला नाही.