हमीच्या मुदतीतील न होणारी दुरुस्ती

पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर घरी आणण्याची चाल आता खेडोपाडी रूढ झाली आहे. यंत्राला हार घातला जातो, नारळ फुटतो आणि विक्रेत्याने दिलेली कागदांची पिशवी खुंटीला टांगली जाते. त्या पिशवीत हमीपुस्तिका असते. ती उघडण्याची वेळ येते ती यंत्र शेतात अडून बसल्यावर. तेव्हा पुष्कळदा असा अनुभव येतो की, हमी आहे, विक्रेता नकारही देत नाही, दुरुस्ती झाल्याचे कागदावर लिहिलेले आहे. परंतु दोष मात्र जेथल्या तेथे आहे.

विक्रेत्याने सरळ नकार दिला तर भांडण तरी सोपे असते. नकार हा पुरावाच होय. परंतु दर खेपेस यंत्र ठेवून घ्यावयाचे, दोन दिवसांनी धुऊनपुसून परत द्यावयाचे, आणि असे करीत हमीची मुदत संपू द्यावयाची, हा प्रकार अधिक घातक आहे. दोष न घालविणारी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हेच. ती तशी मानली जाते याचे एक कारण असे की, शेतकरी स्वतःच ती मान्य केल्याची सही देऊन येतो.

सीनेच्या काठच्या एका गावातील हकीकत या बाबतीत बोलकी आहे. तेथील एका कोरडवाहू शेतकऱ्याने बँकेच्या कर्जावर पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पाडव्याला घेतला. हमी दोन वर्षे किंवा दोन हजार तास, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर होती. जून महिन्यात रोटाव्हेटर चालविताना त्याच्या ध्यानात आले की, सकाळी लिफ्ट चांगली उचलते. परंतु दोन तास काम झाले की बांधाशी वळताना रोटाव्हेटर नीट उचलला जात नाही, आणि उचललाच तर हळूहळू खाली बसतो. तालुक्याच्या गावी, तीस किलोमीटरवर, त्याने ट्रॅक्टर नेला. तेथे लिफ्ट वरखाली करून दाखविण्यात आली व ‘काही दोष नाही’ असे सांगण्यात आले. जॉबकार्डावर शब्द पडले, ‘जनरल चेकअप’. जुलैमध्ये तो पुन्हा गेला. या वेळी ‘ऑईल टॉपअप’ असे लिहिले गेले. दोन्ही कागदांवर खाली ‘काम समाधानकारक’ असे छापलेले होते आणि त्याखाली शेतकऱ्याची सही होती.

दोन्ही वेळा विक्रेत्याच्या माणसांनी खोटे दाखविले असे म्हणता येणार नाही. त्यांच्या आवारात लिफ्ट खरोखरच उचलत होती. हायड्रोलिक लिफ्टचा जोर ऑईलच्या दाबावर असतो. ऑईल थंड असताना दाट असते आणि झिजलेल्या किंवा चिरलेल्या सीलमधून फारसे निसटत नाही. काम करून तापले की ते पातळ होते आणि त्याच फटीतून निसटू लागते. दाब टिकत नाही व अवजार खाली येते. मागे अवजार न जोडता, थंड ट्रॅक्टरची लिफ्ट हलवून पाहणे म्हणजे ताप उतरल्यावर रोग्याची नाडी पाहण्यासारखे आहे. दोष शेतात दिसतो आणि तपासणी शोरूममध्ये होते, ही या तंट्याची खरी गोम आहे. क्लच घसरणे, इंजिन तापणे, गिअर निसटणे या तक्रारींचेही बहुधा असेच असते.

सप्टेंबरात रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस आले. ज्याची लिफ्ट चालत नाही तो ट्रॅक्टर पेरणीच्या कामाचा नाही. ट्रॉली ओढण्यापुरताच तो उरतो. ओल उडून जाऊ लागली, तेव्हा त्या शेतकऱ्याने भाड्याचा ट्रॅक्टर लावला. घरचा ट्रॅक्टर दारात उभा, बँकेचा हप्ता चालू, आणि पेरणी दुसऱ्याच्या यंत्राने, अशी त्याची अवस्था झाली.

या सुमारास गावपातळीवर काम करणारा एक कार्यकर्ता त्याच्या शेतावर गेला होता. त्याने केले ते फार साधे होते. दोन तास काम होऊ दिले. मग सपाट जागी रोटाव्हेटर पूर्ण उचलून ट्रॅक्टर बंद केला, आणि बाजूला उभे राहून काठीवर उंचीची खूण करून घड्याळ लावले. उचललेल्या अवजाराखाली हात किंवा पाय घालण्याचे कटाक्षाने टाळले, हे सांगितलेच पाहिजे. दहा मिनिटांत रोटाव्हेटर जमिनीला टेकला. थोडेसे खाली येणे कोणत्याही लिफ्टचे होते. परंतु इतके नव्हे. मोबाइलवर त्याचे चित्रीकरण झाले. त्यात तास दाखविणारे मीटरही घेतले गेले. नंतर तिसऱ्या खेपेच्या जॉबकार्डावर शेतकऱ्याच्या तोंडची तक्रार शब्दशः लिहून घेण्याचा आग्रह धरण्यात आला: ‘दोन तास चालल्यावर, रोटाव्हेटर जोडलेला असताना, इंजिन बंद केल्यास दहा मिनिटांत अवजार खाली टेकते. ही तक्रार जूनपासून तिसऱ्यांदा.’ काउंटरवरील कारकुनाला हे रुचले नाही. संगणकात एवढे लिहिण्यास जागा नाही असे तो म्हणाला. तेव्हा तेच वाक्य कागदावर हाताने लिहून त्याची पोच घेण्यात आली.

जॉबकार्ड हा विक्रेत्याचा कागद आहे, अशी शेतकऱ्याची समजूत असते. वस्तुतः तो दोघांचा कागद आहे आणि उद्या आयोगापुढे बोलेल तो हाच. त्यावर तक्रार शेतकऱ्याच्या शब्दांत असावी, मीटरवरचे तास असावेत, यंत्र आत गेल्याची व बाहेर आल्याची तारीख असावी, आणि प्रत घेतल्याशिवाय तेथून निघू नये. समाधानाची सही यंत्र चालवून पाहिल्यावर करावयाची असते. शोरूममध्ये ते शक्य नसेल, तर सहीच्या वर ‘शेतात चालवून पाहिल्याखेरीज समाधान नोंदवीत नाही’ एवढे लिहावे. शेतावर येऊन काम करून जाणारा मेकॅनिक तर पुष्कळदा कोणताच कागद देत नाही. त्याच दिवशी विक्रेत्याला मोबाइलवर तारीखवार संदेश पाठविणे, हा त्यावर उपाय आहे. तोंडी फोनचा उपयोग नाही.

काढलेला जुना भाग घरी आणण्याचा हट्ट कित्येक शेतकरी धरतात. हमीतील जुने भाग विक्रेत्याला बहुधा कंपनीस दाखवावे लागतात, कारण त्याच्या मजुरीचा व भागांचा खर्च कंपनी तपासून देते. तो भाग डोळ्यांनी पाहावा व त्याचे छायाचित्र घ्यावे, एवढे पुरे. यातून आणखी एक गोष्ट कळते. लिफ्टचे घर उघडणे हे वेळखाऊ काम असून त्याचा मोबदला कंपनी मान्य करील की नाही, अशी शंका विक्रेत्याला असते. म्हणून तक्रारीची एक प्रत कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडेही जाणे जरूर आहे. बऱ्याचदा गाडे तेथेच अडलेले असते.

‘चालकाची चूक’ हे उत्तर मात्र फार सहजपणे दिले जाते आणि त्याहून सहजपणे स्वीकारले जाते. कधी ते खरेही असते. पहिली सर्व्हिस चुकविली, हायड्रोलिकचे ऑईल बदलले नाही, जाळी गाळाने तुंबली, तर लिफ्ट बिघडेल आणि दोष शेतकऱ्याचा राहील. हमीच्या मुदतीत रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून यंत्र उघडून घेणाऱ्यानेही आपला दावा आपल्या हाताने दुबळा केलेला असतो. परंतु इंजिनची एक सर्व्हिस आठ दिवस उशिरा झाली म्हणून लिफ्टचे सील नाकारणे, हा न्याय नव्हे. चूक आणि बिघाड यांचा संबंध काय, हे विक्रेत्याने लेखी सांगावे. तसे लेखी मागितले असता कित्येक ‘चालकाच्या चुका’ नाहीशा होतात, असा अनुभव आहे.

दुसरी एक समजूत खुद्द खात्याच्या कामातून निर्माण झाली आहे. ट्रॅक्टर अनुदानावर मिळाला, म्हणजे सरकारने तो पारखून दिला, असे शेतकरी मानतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची परीक्षणे होतात हे खरे; परंतु तेथे परीक्षा होते ती नमुन्याची. दारात आलेला प्रत्येक ट्रॅक्टर तेथे गेलेला नसतो. अनुदानाची फाईल बंद झाली की गावपातळीवरील कार्यकर्त्याचेही काम संपते, अशी आजची रीत आहे. ती बरोबर नाही. जो कार्यकर्ता अर्ज भरताना शेतकऱ्याच्या बाजूला बसतो, त्याने हमीपुस्तिकाही त्याच्याबरोबर एकदा वाचावी. टायर, बॅटरी यांची हमी बहुधा निराळी असते. क्लचप्लेट, फिल्टर यांसारखे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. भाड्याने भरपूर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे तास वर्षांच्या आधीच संपतात, हेही तेव्हाच सांगितले पाहिजे.

कायद्याचा आधार शेतकऱ्याला वाटतो त्याहून जवळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यान्वये सदोष माल व उणी सेवा या दोहोंविरुद्ध जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ती शेतकरी राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे कार्यालय कोठे आहे हे पाहावे लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही, आणि पाच ते दहा लाखांपर्यंत ती दोनशे रुपये आहे. वकील देण्याची सक्ती नाही. ट्रॅक्टर हे धंद्याचे यंत्र असल्यामुळे शेतकरी ग्राहक नव्हे, असा युक्तिवाद विक्रेते करतात. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्याने यातून वगळलेली आहे. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक असल्याचे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मान्य केले. ज्याचे मुख्य उत्पन्नच ट्रॅक्टर भाड्याने फिरविण्याचे आहे व जो त्यासाठी पगारी चालक ठेवतो, त्याचा दावा अधिक वादाचा होईल. तक्रार दाखल करण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास पुष्कळ विक्रेते हलतात.

पुढील काळात हा प्रश्न अधिक बिकट होईल. पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले व त्यांपैकी बहुतेकांत इंधनाचा पुरवठा विद्युत यंत्रणेने नियंत्रित होतो. त्यांतील दोष गावच्या मिस्त्रीला पान्याने शोधता येत नाही. विक्रेत्याकडील संगणकच लागतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तीत शेती अवजारांचा समावेश केला गेला, ही चांगली गोष्ट झाली. तोवर जो एकच दरवाजा उघडा आहे, त्याच्यावर कागद हाती घेऊनच गेले पाहिजे.

सीनाकाठच्या त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची लिफ्ट तिसऱ्या खेपेस उघडली गेली. चित्रीकरण व हस्तलिखित तक्रार कंपनीकडे गेल्यावर तिचा माणूस आला, ऑईल तापवून व रोटाव्हेटर जोडून परीक्षा झाली, आणि आत सिलिंडरवर ओरखडा व सील कापलेले आढळले. दोन्ही भाग विनामूल्य बदलले गेले. मात्र पेरणीसाठी लावलेल्या भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे त्याने मागितले, तेव्हा पावत्या मागण्यात आल्या. सहा दिवस भाड्याचा ट्रॅक्टर चालला होता. पावती एकाच दिवसाची होती. बाकीचा हिशेब शेजाऱ्याशी तोंडी झालेला होता, आणि जून-जुलैच्या जॉबकार्डांवर त्याचीच समाधानाची सही होती. तेवढी रक्कम त्याला सोडून द्यावी लागली.