शब्द मोडल्याचा दंड

‘पॅरोल’ हा शब्द आमच्या वाचकांस वृत्तपत्रांतून परिचित आहेच. मूळ फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ नुसता ‘शब्द’, म्हणजे वचन. कैद्यानें वचन द्यावें व सरकारनें त्यावर विसंबून त्यास मुदतीपूर्वीं सोडावें, अशी ही रीत. अमेरिकेंतील संघीय न्यायालयांपुरती ती 1984 च्या कायद्यानें पुढील गुन्ह्यांसाठीं बंद केली आणि तिच्या जागीं देखरेखीखालील मुक्तता आणली. हिच्यांत कैद माफ होत नाहीं. ती भोगून झाल्यावर आणखी कांहीं वर्षें देखरेखीचीं असतात. नवा गुन्हा करूं नये, मादक पदार्थांस शिवूं नये, नेमलेल्या अधिकाऱ्यास भेटत जावें, परवानगीवांचून हद्द सोडूं नये, अशा त्या अटी.

अट मोडल्यास न्यायाधीश ही मुक्तता रद्द करून त्या मनुष्यास पुन्हां तुरुंगांत धाडूं शकतो. मूळ गुन्हा अत्यंत गंभीर वर्गांतला असेल तर 5 वर्षांपर्यंत, अगदीं हलका असेल तर 1 वर्षापर्यंत. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, हा नवा खटला नव्हे, जुन्याच शिक्षेचा भाग, असें मानीत असल्यामुळें येथें सहसा ज्यूरी नसते व संशयातीत पुरावाही लागत नाहीं. अट मोडली असणें अधिक संभवनीय दिसलें म्हणजे पुरे. मात्र आरोप लेखी कळवावा, पुरावा दाखवावा आणि त्याचें म्हणणें ऐकावें, हें बंधन आहेच.

परंतु दंड कशाचा? जून 2025 मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें 7 विरुद्ध 2 मतांनीं ठरविलें कीं, मुक्तता रद्द करतांना न्यायाधीशानें मूळ गुन्ह्याचें पारिपत्य करण्याचा हेतु मनांत आणूं नये. समाजाचें रक्षण पाहावें, पुढील गुन्ह्यास आळा बसेल असें पाहावें, त्या मनुष्याची सुधारणा पाहावी. जुना हिशेब मात्र पुन्हां मांडूं नये.

हें वाचून आम्हांस आपल्याच एका निकालाची आठवण झाली व ओशाळल्यासारखें वाटलें. आमच्या वर्गांतील एका मुलानें सोबत्याच्या फीचे पैसे घेतले होते. छड्या खाल्ल्या, पैसे परत केले. आणि रोज सायंकाळीं आमच्यासमोर हजेरी द्यावी, या अटीवर आम्हीं त्यास वर्गांत राहूं दिलें. दीड महिना त्यानें ती निमूटपणें दिली. मग तीन दिवस आला नाहीं. चौथ्या दिवशीं भर वर्गांत ‘चोर तो चोरच’ असें म्हणून आम्हीं त्याचें नांव पटावरून कमी करविलें. तीन दिवस तो कां आला नाहीं, तें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. कारण आम्हीं विचारलेंच नाहीं. चुकली होती हजेरी, आणि दंड केला चोरीचा; तो तर त्यानें आधींच भोगला होता!

घरोघरींच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. पुतण्या असो, सून असो वा गडी असो, घातलेली अट मोडली तर बोलावें, प्रसंगीं दंडही करावा. अट पाळण्यासाठींच असते. परंतु आधीं कारण विचारावें, जेवढी चूक तेवढाच दंड करावा, आणि फिटलेल्या ऋणाची वही पुन्हां उघडूं नये.