आठशे फुटांचे असत्य

लडाखची यात्रा करून परत आलेल्या मंडळींच्या घरी गेले असता एक छायाचित्र हमखास पाहावयास मिळते. पिवळ्या रंगाचा एक फलक, त्यावर ठळक अक्षरांत कोरलेला उंचीचा आकडा, आणि फलकास खेटून उभे असलेले, थंडीने नाके लाल झालेले सारे कुटुंब. ‘अठरा हजार तीनशे ऐंशी फूट! जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता!’ असे यजमान अभिमानाने सांगतात, आणि पाहुण्याने यथोचित विस्मय व्यक्त केल्यावाचून चहा काही पुढे येत नाही. आम्हीही असे पुष्कळ चहा घेतले आहेत. परंतु ज्या आकड्यापायी हा विस्मय खर्ची पडतो तो आकडा खरा नाही, ही गोष्ट कोणी तरी एकदा स्पष्टपणे बोलून दाखविणे आता अवश्य झाले आहे.

हे स्थळ म्हणजे लेहच्या उत्तरेस सुमारे ३९ किलोमीटरांवर असलेला खर्दुंग ला. ‘ला’ या शब्दाचाच अर्थ खिंड असा असल्यामुळे ‘खर्दुंग ला खिंड’ म्हणणे हे ‘विंध्याचल पर्वत’ म्हणण्यासारखेच आहे. पण तो दोष व्याकरणाचा असून क्षम्य आहे. लडाख पर्वतरांग ओलांडून श्योक व नुब्रा यांच्या खोऱ्यांत उतरणारा हा रस्ता १९७६ साली बांधण्यात आला व १९८८ साली सर्वसामान्य वाहनांस खुला झाला. येथील फलकावर १८,३८० हा आकडा वर्षानुवर्षे झळकत राहिला. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीप्रमाणे मात्र खिंडीची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. अंतर थोडेथोडके नव्हे, ७९८ फुटांचे आहे! ‘जगात सर्वांत उंच’ ही पदवीही टिकण्यासारखी नव्हती. लडाखातीलच मार्सिमिक ला हिच्याहून उंच आहे. आणि आपल्याच सीमा सडक संघटनेने उमलिंग ला येथून १९,०२४ फूट उंचीवर नेलेल्या रस्त्याची नोंद २०२१ साली गिनीजच्या विक्रमांत झाली. फलक बदलतात, त्यांवर नवा रंग चढतो. पण जुना आकडा प्रवासवर्णनांतून, चहाच्या पेल्यांवरून आणि सदऱ्यांच्या छातीवरून अद्याप खाली उतरलेला नाही.

या संबंधात एका जुन्या मोजणीचे स्मरण होते. नेपाळच्या हद्दीत पाऊल ठेवण्यास मज्जाव असताना, शंभराहून अधिक मैलांवरून दुर्बिणी रोखून, हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने एव्हरेस्ट शिखराची उंची काढली. त्या गणितात राधानाथ सिकदार या आपल्या देशबांधवाचा मोठा वाटा होता. १८५६ साली प्रसिद्ध झालेला तो आकडा २९,००२ फूट. २०२० साली नेपाळ व चीन यांनी अद्ययावत साधनांनी मोजून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. शंभर मैलांवरून पाहणाऱ्यांची चूक तीस फुटांची, आणि प्रत्यक्ष माथ्यावर उभे राहून फलक रोवणाऱ्यांची आठशे फुटांची! ज्या देशाच्या गणितज्ञांनी पहिले काम केले, त्याच देशाच्या लोकांनी दुसरे डोळे मिटून स्वीकारावे, याला काय म्हणावे?

यावर काही सद्गृहस्थ म्हणतील, ‘आठशे फुटांनी कोणाचे काय बिघडले? देशाचा अभिमान वाढतो ना? मग वाढू द्या.’ हा युक्तिवाद आम्हांस सर्वांत अधिक घातक वाटतो. जो अभिमान खऱ्या मोजणीपुढे टिकत नाही त्याला अभिमान म्हणत नाहीत. ती आत्मवंचना होय. १७,५८२ फुटांवरून मोटाररस्ता नेणे ही काय लहानसहान गोष्ट आहे? सत्यच जेथे इतके भव्य आहे, तेथे त्याला असत्याचे ठिगळ लावण्याची बुद्धी व्हावी, यात आपल्या कर्तृत्वाविषयीचा अविश्वासच प्रकट होतो. शिवाय मुलांना घेऊन आपण जेव्हा त्या फलकापाशी उभे राहतो, तेव्हा त्यांना भूगोल शिकवीत असतो की बढाई, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. लेह हेच मुळी सुमारे ११,५०० फुटांवर वसलेले. मुंबईच्या समुद्रकाठचा मनुष्य विमानाने सकाळी तेथे उतरतो, आणि शरीराला त्या विरळ हवेची सवय होण्यासाठी निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी हा वैद्यांचा सल्ला धाब्यावर बसवून दुसऱ्याच दिवशी खिंडीकडे धाव घेतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो. डोके ठणकते, मळमळते, श्वास पुरत नाही. दुखणे बळावले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून प्राणावर बेतते. आठशे फूट कमी केल्याने हा धोका टळत नाही, हे आम्ही जाणतो. पण वृद्ध मातापित्यांना व अजाण मुलांना घाईघाईने तेथवर ओढून नेण्याची बुद्धी नुब्राच्या सौंदर्याने होत नाही. ती ‘सर्वांत उंच’ या दोन शब्दांनी होते. विक्रमाचे आमिष काढून घ्या, म्हणजे मनुष्य दोन दिवस सुखाने लेहला थांबेल आणि डोळे उघडे ठेवून पुढे जाईल. लडाखी गृहस्थाची रोजी यात्रेकरूंवर चालते हे खरे. पण दोन दिवस अधिक राहणाऱ्या पाहुण्याने त्याचे नुकसान होईल असे कोणी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. या खिंडीचे मोल तिच्या उंचीत नाही, तिच्या उपयोगात आहे. लेहहून यारकंदकडे जाणारे व्यापारी तांडे पूर्वी हिच्यावरून जात. नुब्राच्या वाळूत दिसणारे दोन मदारींचे उंट हे त्याच व्यापाराचे अवशेष. आज सियाचेनच्या जवानांची रसद याच मार्गाने जाते, आणि नुब्रातील आजाऱ्याला लेहच्या इस्पितळात यावयाचे झाले तर हाच रस्ता. तो चालू राहावा म्हणून बर्फ उपसणारे, दरडी हटविणारे मजूर कोठले? झारखंडातील दुमक्याच्या परिसरातून, म्हणजे सपाटीच्या उष्ण प्रदेशातून आलेले त्यांत पुष्कळ आहेत. आपण मोटारीतून उतरून वीस मिनिटे धापा टाकतो. ते तेथे दिवसभर फावडे चालवितात. आपल्या छायाचित्रात मात्र फलक येतो, मजूर येत नाही.

खिंडीच्या माथ्यावर पोहोचलेला लडाखी वाटसरू ‘ल्हा ग्यालो’ अशी आरोळी देतो. देवांचा जय असो, असा तिचा अर्थ. सुखरूप येऊ दिलेस, एवढीच त्याची भावना. आमचा प्रवासी त्याच जागी ‘मी जिंकलो’ असे म्हणतो. उंचीच्या आकड्याने ही मस्ती चढत असेल, तर तो आकडा खरा असता तरी आम्हांस त्याज्य वाटला असता.

आणि खिंडींची थोरवी आम्हां मराठी माणसांना कोणी शिकवावी काय? १६६० साली बाजीप्रभूंनी जी घोडखिंड लढविली आणि रक्ताने पावन केली, तिची उंची किती फूट, हे आजवर कोणा मराठी मुलाने विचारलेले आम्ही ऐकले नाही. तिच्यातून कोण सुखरूप गेले आणि कोणाच्या श्रमाने गेले, हेच आपण विचारत आलो. तोच प्रश्न खर्दुंग ला येथे विचारावा. तेथील फलकावर मोजून पाहिलेला आकडा लिहावा, आणि त्याखाली रस्ता राखणाऱ्या श्रमिकांचा एका ओळीत उल्लेख करावा. अशा फलकापाशी उभे राहून काढलेले छायाचित्र कोणी आम्हांस दाखविले, तर चहाची वाट न पाहता आम्ही विस्मय व्यक्त करू.