हार्वेस्टर ज्वारीत उतरला, पण सेटिंग गव्हाचंच! नुकसान कुणाचं?

रब्बी ज्वारीच्या काढणीला मजूर मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा, बार्शी, मोहोळ भागात ज्वारी उपटायची, पेंड्या बांधायच्या, कणसं मोडायची आणि मग मळणी करायची, हे सगळं काम माणसांच्या जिवावर चालतं. ऊन तापायच्या आत काढणी उरकायची घाई सगळ्यांनाच असते. त्यामुळे गहू आणि सोयाबीन काढणारे जुने हार्वेस्टर आता ज्वारीच्या रानातही दिसू लागलेत.

यंत्र आलं म्हणून काम झालं, असं मात्र नाही. गव्हाला चालणारं सेटिंग ज्वारीला चालत नाही. ज्वारीचा दाणा गोल असतो आणि जास्त मार बसला की फुटतो. ड्रम गव्हाच्या वेगावर फिरत राहिला तर टाकीत कणी जास्त येते. फुटलेल्या दाण्याला बाजारात भाव कमी मिळतो, साठवणीत कीड लवकर लागते आणि बियाणं म्हणून तो कामाचा राहत नाही.

नुकसान मोजायची एक सोपी रीत आहे. यंत्र गेलेल्या पट्ट्यात एक फूट बाय एक फूट जागेतले पडलेले दाणे मोजायचे. मालदांडीसारख्या टपोऱ्या वाणाचे सरासरी 17 दाणे सापडले, तर एकराला साधारण 25 किलो ज्वारी रानातच राहिली, असं समजायचं. 2025-26 साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये आहे. त्या हिशोबानं एकरी साधारण 937 रुपये मातीत गेले. यंत्राच्या मागचा भुसा एका ओळीत पडतो, तिथं दाणे जास्तच दिसणार. म्हणून कापलेल्या पूर्ण रुंदीत चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी.

मग चूक कुठं आहे, हे कसं ओळखायचं? पन्नास पावलं चालवून यंत्र थांबवायचं आणि मागं जाऊन बघायचं.

- कणसात दाणे तसेच राहिले असतील तर ड्रम आणि जाळीतलं अंतर थोडं कमी करावं. तेवढ्यानं भागलं नाही तरच ड्रमचा वेग थोडा वाढवावा.
- टाकीत कणी दिसली तर आधी ड्रमचा वेग कमी करावा.
- मागं मोकळे दाणे पडत असतील तर पंख्याची हवा जास्त आहे, चाळणी फार बंद आहे किंवा गाडी जोरात चाललीय.
- टाकीत काडीकचरा जास्त आला तर हवा थोडी वाढवावी.
- कटरजवळच कणसं गळत असतील तर रीळ फार जोरात फिरतंय किंवा फार खाली आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

जुन्या यंत्रात खर्च करायचाच असेल तर तो रंगावर नको. ड्रमच्या झिजलेल्या पट्ट्या, वाकलेली जाळी, बोथट पाती, सैल बेल्ट हे आधी बदलावं. एलिव्हेटरची झाकणं आणि गंजून पडलेली भोकं बुजवावीत. गोल दाणा बारीक फटीतूनही वाहून जातो. इंजिनाभोवती साचलेला भुसा रोज झाडावा, कारण वाळलेल्या पिकात आग लागायला वेळ लागत नाही.

आता खरा प्रश्न कडब्याचा. खानदेशातली बुटकी संकरित ज्वारी हार्वेस्टरला सोयीची जाते. मालदांडीचं ताट मात्र माणसापेक्षा उंच असतं आणि कटर तेवढा वर उचलता येत नाही. त्यामुळे अर्धं ताट यंत्रात जातं आणि त्याचा चुरा होतो. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत, त्याला कडबा दाण्याएवढाच मोलाचा. मजुरी वाचली आणि वैरण विकत घ्यावी लागली, तर हिशोब उलटा बसतो. अशा शेतकऱ्यानं कापणी माणसांकडून आणि मळणी यंत्रावर, हाच मार्ग धरलेला बरा. हार्वेस्टर लावायचाच असेल तर कटर जमेल तेवढा उंच ठेवायला सांगावं आणि उभं राहिलेलं ताट नंतर कापून घ्यावं.

घाईही नको. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे पीक पक्व झालं, पण तेव्हाही दाण्यात ओल भरपूर असते. साठवणीला ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास यायला हवा. म्हणून यंत्रातून निघालेली ज्वारी सरळ पोत्यात न भरता ऊन द्यावं.

भाडं एकरावर ठरतं, त्यामुळे चालकाला घाई असणारच. पण मागं पडणारा दाणा शेतकऱ्याचा असतो. म्हणून भाडं ठरवतानाच बोलून घ्यावं की पहिली पन्नास पावलं चाचणीची, दाणे मोजायचे, सेटिंग लावायचं आणि मगच पुढचं रान. यात अर्धा तास जातो, पण दहा एकरांच्या रानात त्या अर्ध्या तासानं अडीच क्विंटल ज्वारी वाचू शकते.